झोपेत जायचं नाही

कडी वाजली. पत्र्याच्या पेटीची कडी, बाकी काही नाही. पण दुपारी जेवणं होऊन पोरी झोपल्या की वसतिगृहात अशी शांतता पसरते, की तेवढा आवाजही कुणी ताट आपटल्यासारखा झाला. सिस्टर रेजिनाने पेटीवर हात दाबून धरला आणि श्वास रोखून शेजारी पाहिलं.

पंकजा जराशी हलली. ओठ चाटले, पण डोळे उघडले नाहीत. मूठ मात्र आणखी घट्ट झाली. त्या मुठीत सिस्टरच्या बदामी साडीचा पदर होता. म्हणून तर पेटी ओढून इथे, सतरंजीच्या कडेला आणावी लागली होती. दिवाळीपासून सिस्टरची दुपार पदर पुरेल तेवढ्याच जागेत मावत होती. फ्रॉकांची बटणं लावणं, फण्या साफ करणं, माळ जपणं, सगळं तिथेच बसून.

पेटीत भरायला तरी काय होतं? साड्या, बायबल, एक स्वेटर, आईचा फोटो. कडी बसते की नाही तेवढंच पाहायचं होतं. ती खरी लागणार होती सोमवारी.

त्याच दिवशी, शनिवारी सकाळी मिस्सा झाल्यावर, चहाच्या टेबलावर, मठाच्या सुपिरियर सिस्टर कार्मेल म्हणाल्या होत्या, "नवापूरला सिस्टर बेनेडिक्टांना अर्धांगाचा झटका आला. तिथल्या वसतिगृहाला बघणारं कुणी नाही. प्रांताच्या प्रमुख, प्रॉव्हिन्शियल सिस्टरांचा फोन होता. रेजिना, तुला जायचंय. सोमवारी. आज-उद्या गोरक्षची गाडी शनिशिंगणापूरच्या भाड्यांना आहे."

रेजिनाच्या हातातला पाव हातातच राहिला. "सोमवारी कधी?"

"नेहमीसारखंच. पोरी झोपल्यावर."

नेहमीसारखंच. ही रीत कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती, पण सिस्टरांच्या संघाच्या प्रत्येक घरात पाळली जायची. बदली झालेली सिस्टर मुलं झोपलेली असताना निघते. निरोप नाही, रडारड नाही. मुलं उठतात तेव्हा दुसरीच सिस्टर दुधाचे पेले वाटत असते. दोन-चार दिवस मुलं विचारतात, मग विचारायची थांबतात. रेजिना स्वतः याआधीच्या घरांतून अशीच निघाली होती. गाडी फाटकाबाहेर पडली की मागे वळून पाहायचं नाही, हे तिने नवशिकेपणातच अंगी बाणवून घेतलं होतं. आपल्याला ते जमतं याचं तिला बरंही वाटायचं.

पण ही पोर इथे आली होती तीच झोपेत.

दिवाळी सरली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, तेव्हा एका संध्याकाळी फाटकाशी टेम्पो थांबला. पाथर्डीकडची कडूबाई खाली उतरली. खांद्यावर झोपलेली पंकजा. नवरा आसाराम टेम्पोतच बसून राहिला, मान खाली घालून. सिस्टर कार्मेल बाहेर आल्या आणि म्हणाल्या, बाई, आम्ही पहिलीच्या खालचं मूल घेत नाही, हिला अजून नीट नाक पुसता येत नसेल.

"घ्या वो," कडूबाई म्हणाली. "मागल्या साली फडात पाचटाखाली निजली हुती. टॅक्टरचं चाक एवढ्यावरून गेलं." तिने वीत दाखवली.

रेजिना पुढे झाली होती. "मी बघते हिचं. तुम्हाला तोशीस पडू देणार नाही, सिस्टर." गुढीपाडव्यापर्यंतचाच तर प्रश्न होता. कारखाने बंद झाले की टोळ्या परत येतात.

पंकजाला सतरंजीवर ठेवलं तर तिच्या मुठीत आईच्या लुगड्याचा पदर. कडूबाईने सोडवून पाहिला, सुटेना. मग तिने तो दातात धरून टर्रकन फाडला आणि उठून गेली. टेम्पो सुरू झाल्याचा आवाजही पोरीने ऐकला नाही.

सकाळी ती उठली, हातातल्या चिंधीकडे पाहिलं. रडली नाही. फाटकाशी जाऊन बसली. त्यानंतर कित्येक दिवस ती झोपेचना. डोळे मिटायला लागले की दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या वर ओढून धरायची. बाकीच्या पोरी हसायच्या. रेजिनाला हसू येत नसे. एका दुपारी तिने पंकजाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "का गं झोपत नाहीस, बाळ?"

"झोपलं की जात्यात."

"कोण?"

पंकजाने असं पाहिलं, जसं हे काय विचारणं झालं. मग समजावून सांगितलं, "मागल्या साली आईनं मला नेलं ना, तवा उठिवलं हुतं. आंदारात. म्हनली, ऊठ, टेम्पोत बस. नेतानी उठिवत्यात. ठिवून जातानी झोपू देत्यात."

"मी तुला झोपेत सोडून जायची नाही," रेजिना म्हणाली.

"गळ्याची आन?"

शपथ घ्यायची नाही, हे पोरींना शिकवणारी रेजिनाच. तिने गळ्यातला क्रूस काढला आणि पंकजाच्या मुठीत ठेवून वरून आपली मूठ मिटली. बिशपस्वामींच्या पुढ्यात तिने तीन व्रतं घेतली होती. दारिद्र्याचं, ब्रह्मचर्याचं, आज्ञापालनाचं. हे चौथं तिने चटईवर बसून घेतलं, कुणी मागितलं म्हणून, कुणाला न विचारता. त्या दुपारी पंकजा झोपली ती पार दिवेलागणीला उठली.

आता तिसरं पाळायचं तर चौथं मोडत होतं.

*

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सिस्टर कार्मेल ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. रेजिनाही समोर बसली, शेंगा ओढून घेतल्या.

"मला पाडव्यापर्यंत थांबू द्या. तिची आई येईपर्यंत. तिच्या हातात पोर दिली की त्याच गाडीने जाते."

"आणि नवापूरच्या पोरींनी तोवर काय करायचं? त्यांना आया नाहीत?"

"दुसरं कुणी…"

"कोण? सिस्टर लुर्ड्सच्या गुडघ्यात वंगण नाही. सिस्टर ग्रेसला दवाखाना सोडता येत नाही. सांग, कोण?"

रेजिनाच्या बोटांत शेंग तशीच राहिली. दाणे न काढता ती नुसती दाबत होती.

"तुला एक सांगून टाकते," सिस्टर कार्मेल म्हणाल्या. "उगीच दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. तुझं नाव मीच दिलं."

"तुम्ही?"

"प्रॉव्हिन्शियलनी विचारलं, कुणाला पाठवू. मी म्हटलं, रेजिनाला पाठवा, ती एका पोरीत अडकत चाललीय. बाकीच्या पोरींना ताप आला तर तू औषध देतेस. हिला ताप आला तेव्हा तू चॅपेलमध्ये आली नाहीस. तीन वेळा घंटा झाली, तू आली नाहीस."

"एकशे तीन ताप होता."

"मी तापाचं बोलत नाही, रेजिना."

शेजारच्या शेतात कुणीतरी मोटर बंद केली. एवढा वेळ ती चालू होती हे बंद झाल्यावर कळलं.

"तुम्ही कधी अडकला नाहीत?" रेजिनाने विचारलं. आवाजात जे आलं ते आदराचं नव्हतं आणि ते दोघींनाही कळलं.

सिस्टर कार्मेलनी दाण्यांतून एक किडका दाणा वेचून दूर टाकला. "यशोधरा नावाची होती. तुझ्या या पोरीएवढीच आली. माझ्याच हातचं जेवायची. मी निघाले तेव्हा ती झोपलेली होती. पुढे वर्षभर मला जेवताना घास उतरायचा नाही. परवा नेवाशाच्या बाजारात दिसली, कडेवर लेकरू. मी धावतच गेले की गं, या वयात! हाक मारली. तिने हात जोडले, 'नमस्कार सिस्टर.' कुठल्याही सिस्टरला म्हणतात तसं." त्या थोडं हसल्या. "मुलं विसरतात. आपण विसरत नाही. म्हणून आपल्याला हलवत राहतात."

"ही विसरायची नाही."

"तेच माझंही मत होतं."

रेजिना उठली. जाताना तिला आई आठवली. नवशिक्यांच्या मठात ती पहिल्यांदा भेटायला आली होती, राहुरीहून एस्टीने, डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन. आलेली वस्तू सगळ्यांची, म्हणून डबा जेवणाच्या टेबलावर गेला. सगळ्यांना एकेक लाडू मिळाला, रेजिनालाही एक. आई भिंतीशी बसून बघत होती. निघताना ती एवढंच म्हणाली, "मी तुझ्यासाठी केल्ते गं." त्या वेळी रेजिनाला आईचीच कीव आली होती. किती अडकलीय बिचारी, असं वाटलं होतं.

*

रविवारी मिस्सानंतर तिने मुकादमाच्या मोबाईलवर फोन लावला. टोळी निपाणीकडे कुठेतरी होती. बऱ्याच वेळाने कडूबाईचा आवाज आला, धापा टाकत.

"काय झालं वो? पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे, बरी आहे. पोळी खाते, गाणं म्हणते. कडूबाई, तुम्हाला दोन दिवस येता येईल का? उद्याच निघून?"

"न्हाई वो सिस्टर. कारखाना बंद व्हईस्तोवर मुकादम सोडत न्हाई कुनाला. जोडीतली एक गेली तर दुसऱ्यानं कोयता कुनाच्या भरवशावर धरायचा?" मग आवाज खाली आला. "पर तुमी हाय ना तितं. मला काय बी घोर न्हाई. हितं बाया इचारत्यात, पोरगी कुठं ठिवली? मी म्हनते, तिच्या दुसऱ्या आईजवळ."

रेजिनाने एका दमात सांगितलं, बदली झालीय, उद्या जायचंय, माझ्या हातात नाही.

पलीकडे उसाचं वाढं ओढल्याची सळसळ ऐकू आली.

"मंग तिला सांगू नका," कडूबाई म्हणाली. "झोपंत जा. मी तशीच गेल्ते. जागी असती तर माझा पाय निघाला नसता बगा. तुमचा बी निघायचा न्हाई." आणि घाईने, "ठिवते, मुकादम हाक मारतोय." मुकादम हाक मारत नव्हता. फोन ठेवायच्या आधी तिचा हुंदका स्पष्ट ऐकू आला होता.

रेजिना चॅपेलमध्ये जाऊन बसली. प्रार्थना येईना. डोक्यात भलतंच काहीतरी फिरायला लागलं. संघ सोडला तर? क्रूस काढून ठेवला, साधी साडी नेसली आणि पंकजाला घेऊन राहुरीला भावाच्या दारात उभी राहिली तर? पण मग कोण म्हणून? पोरीला आई आहे, बाप आहे. सिस्टर म्हणून तरी ती या पोरीची कुणी होती. सिस्टर नसली तर ती एका बाईची पोर पळवणारी दुसरी बाई. कुठूनही धरायला गेलं तरी हातात काही येत नव्हतं. आज्ञा मोडायची तरी चोर, पाळायची तरी चोर.

स्वयंपाकघरात साळूबाई भाकऱ्या थापत होती. ती वसतिगृहाची स्वयंपाकीण, बौद्धवाड्यातली, रेजिनाहून दहा वर्षांनी मोठी आणि तोंडाने त्याहून. रेजिनाचे लाल डोळे पाहून ती आधी काही बोलली नाही. मग परातीतल्या पिठालाच सांगितल्यासारखं बोलली, "आमच्या पोरी सासरी जात्यात तर बँजो वाजतो, गाव रडतं, म्हातारे बी नाक पुसत्यात. आन तुमी लोकं. भर दुपारी चोरावानी. त्ये बी शिंगणापूरच्या शेजारी राहून!"

"साळूबाई, हसवू नका."

"हसवत न्हाई. पोरगी उठली का मलाच इचारनार. मी काय सांगू? तुमच्या देवाला इचारून मला एवढं सांगून जा."

"मी तिला सांगूनच जाणार आहे."

साळूबाईची भाकरी तव्यावर करपली. "जागी करून?"

"मी शब्द दिलाय."

"मंग रडंल ती. लई रडंल."

"रडू दे. रडायला तरी मिळू दे तिला."

हे म्हटल्यावर रेजिनाला दोन दिवसांत पहिल्यांदा छातीत थोडी जागा झाल्यासारखं वाटलं. एवढं तर आपल्या हातात आहे. थांबता येत नाही, नेता येत नाही, पण खोटं ठरायचं नाही.

*

सोमवारी जेवणात पंकजाने दोनदा भात घेतला. मग सिस्टरच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, मूठ मिटली आणि क्षणात झोपली. आता ती अशीच झोपायची, पाण्यात खडा टाकावा तशी.

गोरक्षची जीप फाटकाशी येऊन थांबली. त्याला सवय होती, त्याने हॉर्न दिला नाही. आवाज न करता त्याने पेटी उचलून नेली. सिस्टर लुर्ड्स दूध तापवायला गेल्या. साळूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, तोंडात पदराचा बोळा.

सिस्टर कार्मेल आत आल्या, गुडघ्यावर हात ठेवून हळूच वाकल्या आणि रेजिनाच्या हातात कात्री दिली.

"टोकच काप," त्या कुजबुजल्या. "तेवढं तिच्याजवळ राहील."

कात्री थंड होती. रेजिनाने ती उघडली. पात्यांमध्ये पदर धरलाही. आता फक्त बोटं मिटायची होती. आणि तिच्या कानात तो आवाज आला, दातांनी कापड फाडल्याचा. पोरगी एक चिंधी घेऊन आली होती. तिच्याजवळ आता दोन होतील.

देवा, तिने मनात म्हटलं, तूच हिला उठव. माशी बसू दे, बाहेर कुत्रं भुंकू दे, काही कर, पण मला उठवायला लावू नकोस.

माशी बसली नाही. कुत्रंही भुंकलं नाही. पंकजाचा श्वास तसाच संथ चालला होता, नाकात जराशी शीळ वाजत होती.

रेजिनाने कात्री खाली ठेवली.

"रेजिना," सिस्टर कार्मेल म्हणाल्या.

"पंकजा. ऊठ, बाळ. पंकजा."

डोळे उघडले. आधी सिस्टरवर, मग मुठीवर, मग पुन्हा सिस्टरवर. झोपेने गालावर सतरंजीचे वळ उठले होते.

"मी जातेय, पंकजा. लांब, दुसऱ्या गावाला. मोठ्या सिस्टरांनी सांगितलंय. मी तुला म्हटलं होतं ना, झोपेत सोडून जाणार नाही? म्हणून उठवलं. तुझी आई पाडव्याला येईल. तोवर साळूबाई आहेत, लुर्ड्स सिस्टर आहेत. तू…"

पंकजा उठून बसली. रेजिना थांबली, त्या रडण्याची वाट पाहत. त्यासाठी तिने दोन दिवस अंग घट्ट करून ठेवलं होतं. तिला धरीन, रडू देईन, मग जाईन.

पण पंकजा रडली नाही. तिने मूठ सोडली. आपणहून. पदर खाली पडला.

ती झोपलेल्या पोरींच्या मधून वाट काढत भिंतीकडे गेली. खुंटी उंच होती, तिने टाचा उचलून आपली कापडी पिशवी काढली. वाळत घातलेला फ्रॉक ओढून आत कोंबला. उशीखालची आईची चिंधी काढली, तीही कोंबली. मग परत वळून आपला दुधाचा स्टीलचा पेला आणला. घाईघाईत चपला घातल्या, उजवी डाव्या पायात. झोपेने पेंगुळलेलं ते तोंड एकाएकी इतकं उजळलं होतं की साळूबाईने तिकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"नाही, पंकजा," रेजिना म्हणाली. "बाळा, ऐक…"

पंकजा थांबायला तयार नव्हती. पिशवी छातीशी धरून ती ओट्यावरून उतरली, अंगण ओलांडलं, फाटकातून बाहेर गेली. रेजिना तिच्या मागे धावली. सिस्टर कार्मेल दारात उभ्या होत्या, हातात कात्री, आणि तिला थांबवायला त्यांनी हात उचलला तो तसाच राहिला.

गोरक्षने जीपचं दार उघडून धरलं होतं. पुढच्या सीटवर नवापूरच्या घरासाठी दिलेली ज्वारीची गोणी होती. मागे एका बाजूला सिस्टरची पेटी, दुसऱ्या बाजूला सिस्टर बसेल एवढी जागा. पंकजाने आत वाकून नीट पाहिलं. पेटी पाहिली, गोणी पाहिली. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मागे वळून, उन्हाने डोळे बारीक करत, सिस्टरकडे पाहिलं.

"शिश्टर," ती म्हणाली, "मी कुठं बसू?"